चार्जिंग कुठं करतेत ओ हिला?

सोमवार, 18 ऑगस्ट 2025, नांदेड

रात्रभर पाऊस. सकाळी फोन सुरू झाले ते मुखेडकडचे. तालुक्यात ढगफुटीसारखा कोसळला, हसनाळ, रावणगाव पाण्यात, लष्कराला बोलावलंय म्हणतात. आज माणसं आणि जनावरं. गाड्यांचं नंतर.

माझं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे माझ्याकडे. चिखलाने भरलेल्या गाडीत वाकून बघायचं, पाणी कुठपर्यंत चढलं त्याची रेघ शोधायची, फोटो काढायचे, मालकाचं ऐकायचं. मालक जे सांगतो ते आणि रेघ जे सांगते ते यांत पुष्कळदा अंतर असतं.

शनिवार, 23 ऑगस्ट, नांदेड

काल पोळा झाला, आज वर्कशॉपात रांग. देगलूर नाक्याच्या बाजूला एका खाजगी गॅरेजात पहिल्यांदाच पुरात सापडलेली हायब्रीड बघायला मिळाली. बाकीच्या गाड्यांचे सीट काढून उन्हात टाकलेले, हिला मात्र कोणी हात लावला नव्हता. मिस्तरी चहा पीत लांबून बोट दाखवत होता. "साब, करंटवाली गाडी है. मैं हाथ नै लगाता."

तो अर्धा बरोबर आहे. बॉनेट उघडलं की नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात. त्यांच्यातून घरातल्या विजेइतक्या किंवा त्याहून जास्त दाबाची वीज वाहते, आणि तो रंगच सूचना आहे. सर्व्हिस प्लग ओढून काढायचा, कपॅसिटर उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, विजेचे रबरी हातमोजे घालायचे. हे शिकलेल्या माणसानेच उघडायचं काम आहे. मिस्तरी शिकलेला नाही आणि हात लावत नाही, म्हणजे शहाणा आहे.

चूक होते ती पुढे. मालकाच्या वडिलांचं म्हणणं असं की पाणी लागलं तेव्हाच सगळ्या गाडीत करंट उतरला असता, पोरं वाचली ही खंडोबाची कृपा. तसं नसतं. घरातल्या विजेला जमीन हवी असते. या गाडीतली उच्च दाबाची वीज गाडीच्या पत्र्याला कुठेही जोडलेली नसते, तिची जा-ये दोन्ही त्या नारिंगी केबलमधूनच. पत्र्याकडे गळती लागली की यंत्रणेला ते कळतं. टक्कर होऊन एअरबॅग फुटली तरी रिले उघडून बॅटरी वेगळी पडते. पावसात, धुताना, गुडघाभर पाण्यात ही गाडी दुसऱ्या गाडीपेक्षा धोक्याची नाही.

मुलाचा समज मात्र याच्या बरोबर उलटा होता आणि नुकसान त्याच्यामुळे झालं. त्याला वाटलं, बॅटरीवर चालते, इंजिनात पाणी जायचा प्रश्न येतो कुठे? ओढ्यावरच्या पुलावर पाणी वाहत असताना ईव्हीचं बटण दाबून गाडी घातली. पण इंजिन कधी सुरू करायचं हे गाडी ठरवते. बॅटरी जराशी उतरली, पायाचा दाब जरासा वाढला की ते आपोआप चालू होतं, आणि हवा ओढणारं तोंड पाण्यात असेल तर हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड वाकलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलेलं लागतं. त्यांनी घेतलं नव्हतं.

एकाच घरात बापाला गाडीचं नको तेवढं भय आणि पोराला नको तेवढा भरवसा. दोघांच्या मधे ती गाडी चिखलात उभी.

बुधवार, 27 ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आरतीनंतर मोदक खाताना विषय निघालाच. मेव्हणे कंधारहून आले होते. मी त्या गाडीचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "चार्जिंग कुठं करतेत ओ हिला? आमच्याकडं तर लाइनच नसती."

हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस, या सगळ्या हायब्रीडना चार्जिंगची वायर नसते. लावायला जागाच नसते. वायर लावायची हायब्रीड वेगळी, ती प्लग-इन, आणि आपल्याकडे ती फार महागड्या गाड्यांत मिळते. मेव्हण्यांना पटेना. मग बॅटरी भरते कशी?

त्यांचं किराणा दुकान आहे म्हणून त्यांना दुकानाचंच सांगितलं. बॅटरी म्हणजे तिजोरी समजू नका, गल्ला समजा. दिवसभर पैसे येतात, दिवसभर जातात, संध्याकाळी फारसं काही उरत नाही. ब्रेक मारला की मोटर उलटी चालून वीज करते, ती आत. गाडी हलवताना ती बाहेर. कमी पडली तर इंजिन चालू असताना थोडी घालतं. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रीडची सगळी बॅटरी 0.76 युनिटची. पुरं एक युनिटसुद्धा नाही. पूर्ण विजेवरच्या नेक्सॉनची लहान बॅटरी 30 युनिटची असते. हायब्रीडची बॅटरी एकटी गाडीला फार तर दीड-दोन किलोमीटर नेईल.

यावरून दुसरा गैरसमजही निघतो आणि तो जाहिरातीच जास्त पसरवतात. "चाळीस टक्के अंतर, साठ टक्के वेळ विजेवर." हे खोटं नाही, तेवढा वेळ इंजिन बंद असू शकतं. पण लोक त्याचा अर्थ घेतात की साठ टक्के फुकट. ती वीज येते कुठून? ब्रेकमधून परत मिळालेली असो वा इंजिनाने केलेली, तिचा मूळ झरा पेट्रोलपंपावरच आहे. हायब्रीड ही पेट्रोलचीच गाडी आहे, पेट्रोल कमी वाया घालवणारी. 'सेल्फ चार्जिंग' हा शब्द ज्याने काढला त्याला विक्री कळते.

मेव्हणे शेवटी म्हणाले, "म्हणजे डायनामोच की." चालेल.

गुरुवार, 4 सप्टेंबर

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. मोबाइल सकाळपासून थांबेना. "हायब्रीड स्वस्त, टॅक्स 18 टक्के." अर्धवट वाचून पुढे ढकललेलं.

18 टक्के आहे ते चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांना. हायब्रीड असली तरी तीच अट. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक खऱ्या हायब्रीड दीड लिटरच्या, दोन लिटरच्या आणि चार मीटरहून लांब. त्यांना 40 टक्के. आधी त्यांच्यावर 28 अधिक 15 सेस, म्हणजे 43 होता. तीन टक्के उतरले. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीवर 28 अधिक 17, म्हणजे 45 होता, तोही आता 40. म्हणजे साध्या गाडीला पाचाची सूट आणि हायब्रीडला तिनाची. हायब्रीडला करात जी दोन टक्क्यांची सवलत होती ती गेली. विजेच्या गाडीला आधीही 5 होता, आताही 5.

दुसरा एक मेसेज वर्षभरापासून फिरतोय, हायब्रीडचा रोड टॅक्स माफ. माफ झाला तो उत्तर प्रदेशात, जुलै 2024 मध्ये. आपल्या आरटीओत पूर्ण भरावा लागतो, आणि नंबरप्लेट हिरवी नाही, पांढरीच मिळते.

आमच्या विम्यात मात्र हायब्रीडला खरोखर सवलत आहे. 2022 पासून थर्ड पार्टी प्रीमियमवर साडेसात टक्के. दीड लिटरच्या आतल्या गाडीला ती वर्षाला अडीचशे रुपयांच्या आसपास होते. या एका सवलतीचा मेसेज मला आजवर कोणी पाठवलेला नाही.

बुधवार, 10 सप्टेंबर, लातूर

ओळखीचे एक डॉक्टर लातूरला निघाले होते, मलाही अहमदपूर आणि लातुरात काम होतं, त्यांच्याच हायब्रीडमध्ये बसलो. डॉक्टर शिवाजीनगरला प्रॅक्टिस करतात. गाडी घेतल्यापासून दोन-अडीच वर्षं त्यांची एकच तक्रार. कंपनीने 28 सांगितलं, हायवेला वीसही धड निघत नाही, फसवलं.

मी म्हटलं, शहरात काय निघतं? तर म्हणे बावीस-तेवीस. आणि हे ते अपराध केल्यासारखं सांगतात, कारण त्यांच्या मनात चाळीस वर्षांचा हिशेब पक्का आहे: शहरात कमी, हायवेला जास्त. हायब्रीडने तो हिशेब उलटा केलाय हे त्यांना गाडी विकताना कोणी सांगितलं नाही.

वजिराबादहून कलामंदिर, आयटीआय, राज कॉर्नर, तरोडा नाका असं निघालं की गाडी जेवढी चालते तेवढीच थांबते. साधी गाडी त्या प्रत्येक थांब्याला उभ्या उभ्या पेट्रोल जाळते आणि प्रत्येक ब्रेकला मिळवलेला वेग उष्णता करून टाकून देते. हायब्रीडची कमाई नेमकी तिथे. थांबलं की इंजिन बंद, ब्रेक मारला की वीज परत, निघताना मोटर. आता सोनखेड सोडल्यावर काय उरतं? तुळजापूर-नागपूर महामार्ग, मोकळा, सरळ, दोन्ही बाजूंना सोयाबीन. ना थांबा, ना ब्रेक. ताशी शंभरला इंजिनच चालतं आणि मोटर थोडा हात लावते. इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं आहे, ते तेवढ्या पेट्रोलात साध्या इंजिनापेक्षा जास्त काम देतं, म्हणून हायवेलाही थोडा फायदा राहतो. पण थोडाच. आणि ताशी 80 ऐवजी 110 ने गेलं तर हवेचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो, तिथे कोणतीही बॅटरी कामाला येत नाही. डॉक्टर 110 ने जातात.

राहिला तो कंपनीचा 27.97 चा आकडा. तो प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी चालवून काढलेला. त्या वेळापत्रकात वेग 90 च्या पुढे जातच नाही आणि बराचसा वेळ शहरासारखी चाल-थांब. म्हणजे ती परीक्षाच हायब्रीडच्या आवडीच्या विषयाची. दोन गाड्यांची तुलना करायला आकडा ठीक आहे. नांदेडच्या मे महिन्यात एसी लावून तो मागू नये. शिवाय टाकीत आता 20 टक्के इथेनॉल. एक लिटर इथेनॉलात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा आधीच कमी. ही कपात प्रत्येक पेट्रोल गाडीला आहे, हायब्रीडलाही. लातुरात उसाचं राजकारण करणाऱ्यांसमोर मी हे मोठ्याने बोलत नाही.

माळेगावच्या पुढे चढण लागली तेव्हा डॉक्टरांना एक गंमत सांगितली. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडं वर, लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशेच्या पुढे. म्हणजे लातूरला जाताना आपण गाडी पावणेतीनशे मीटर उचलतो. माणसांसकट दीड टन धरलं तर त्या उचलण्याला सुमारे एक युनिट ऊर्जा लागते, पेट्रोलात मोजली तर पाव लिटरच्या आसपास. येताना तेवढीच उतरण. म्हणून लातूरला जातानाचं अ‍ॅव्हरेज आणि येतानाचं अ‍ॅव्हरेज कधीच जुळणार नाही, एकाच बाजूचं बघून भांडू नये. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न योग्य होता. येताना ते एक युनिट सगळं बॅटरीत परत येईल का? नाही. बॅटरीच पाऊण युनिटची, त्यातलाही मधला भागच गाडी वापरू देते. पूर्ण भरू देत नाही, पूर्ण उतरू देत नाही. उरलेलं टायर आणि हवा खातात.

टोलनाक्यावर डॉक्टरांनी पुन्हा सांगून बघितलं, हायब्रीड आहे, माफ नाही का? फास्टॅगने पैसे कापले. टोलमाफी पूर्ण विजेच्या गाड्यांना, तीही मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतू एवढ्याच रस्त्यांवर. चाकूरला चहा घेतला. चहा चांगला होता.

बुधवार, 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदन करून आलो. भाषणांत यंदाही उद्योग येणार होते. एक मात्र कागदावर आलेला आहे: 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी करार केला. सुमारे 20 हजार कोटींची गुंतवणूक, वर्षाला चार लाख गाड्यांची क्षमता, हायब्रीड आणि विजेच्या. जागा ऑरिक औद्योगिक वसाहतीतली, बिडकीनची. मराठवाड्यात हायब्रीड तयार होणार आणि मराठवाड्यातला मिस्तरी तिला हात लावत नाही, या दोन्हींच्या मधला कोर्स आमच्या आयटीआयमध्ये कधी सुरू होतो ते बघायचं.

रविवार, 28 सप्टेंबर

पुन्हा पूर. या वेळी लातूर, धाराशिव, बीड, नांदेड सगळीकडे. सोयाबीन गेलं. लिहायला वेळ नाही.

रविवार, 5 ऑक्टोबर, लातूर

गंजगोलाईजवळचे डाळमिलवाले जुने ओळखीचे. त्यांना गाडी बदलायची आहे. आतापर्यंत डिझेलच. आता शोरूमवाला हायब्रीड गळ्यात बांधतोय आणि मुलगाही त्याच बाजूने. मला बसवून घेतलं. "तुम्ही सांगा लका, बॅटरी तीन वर्षांत जाती म्हणालेत, खरंय का?"

खरं नाही. या गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी लिहून मिळते. प्रिअस जपानात 1997 मध्ये आली, जगभर टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर चालली आणि तिच्या बॅटऱ्या टिकल्या. कारण मागे लिहिलं तेच, तिला काठोकाठ भरू दिलं जात नाही की तळाला जाऊ दिलं जात नाही. मोबाइलची बॅटरी आपण रोज शंभरवरून दहावर आणतो, म्हणून तो अनुभव इथे लावू नये. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. एक, बॅटरीला हवा खेचणारी जाळी सीटच्या बाजूला असते. तिच्यावर पिशव्या, चादरी टाकू नका आणि तिचा फिल्टर दर सर्व्हिसला साफ करायला सांगा. मिलची धूळ आणि लातूरची माती तिथे जाऊन बसते, बॅटरी तापते, आणि मग लोक म्हणतात बॅटरी गेली. दोन, विम्यात बॅटरीला 50 टक्के घसारा लावायची जुनी पद्धत आहे. झिरो डेप घेताना त्यात हायब्रीडची मोठी बॅटरी धरली आहे का हे लिहून घ्या, तोंडी नको.

मग हिशेबाला बसलो. व्यापारी माणूस, पाटीच काढली. शोरूमने साध्या आणि हायब्रीडमध्ये सव्वादोन लाखांचा फरक दाखवला होता. पेट्रोल 105 रुपये धरलं. आपल्याकडे मनमाडच्या डेपोतून टँकर येतात, म्हणून परभणी-नांदेडचा भाव राज्यात वरच्या ओळीत असतो. शहरात साधी गाडी 12 देते, हायब्रीड 22: किलोमीटरला जवळजवळ चार रुपये वाचतात. फरक छप्पन-सत्तावन्न हजार किलोमीटरमध्ये फिटतो. हायवेला साधी 17, हायब्रीड 20: किलोमीटरला नव्वद-त्र्याण्णव पैसे. फरक फिटायला 2 लाख 40 हजार किलोमीटर.

"आन आमचं फिरणं कुठलं?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. हैदराबाद, सोलापूर, गुलबर्गा. लातूर शहरात ते स्कूटीवर फिरतात.

मुलगा हिरमुसला. त्याला बिनआवाजाची गाडी आवडली होती, आणि ते काही कमी कारण नाही. पैसे आहेत, घ्यावी. फक्त बचतीसाठी घेतो असं वडिलांना सांगू नये. जाताना डाळमिलवाल्यांनी डिकी किती मोठी ते विचारलं. त्या गाडीत बॅटरी मागे असल्यामुळे डिकी लहान झालीय. नमुन्याच्या पिशव्या कुठे ठेवणार, या एका प्रश्नावर विषय संपला. माझी सगळी पाटी वाया.

त्यांचे म्हातारे वडील बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "हायब्रीडचं बी दरसाल नवं घ्यावं लागतंय." कोणी उत्तर दिलं नाही.

रविवार, 12 ऑक्टोबर

भाच्याने लातुरातून जुनी सियाझ आणली. डिझेल, 2016 ची. मागे 'एसएचव्हीएस' आणि 'हायब्रीड' अशी अक्षरं. विकणाऱ्याने त्या अक्षरांचे चाळीस हजार जादा घेतले. भाचा खुश, "मामा, तुम्ही हायब्रीड हायब्रीड करता ना, घेतली."

हिला इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटी मोटर आहे. ती इंजिन पटकन चालू करते, वेग घेताना जराशी मदत करते, ब्रेकला थोडी वीज परत घेते. बस. एकट्या मोटरवर ही गाडी एक फूटही हलत नाही. याला माइल्ड हायब्रीड म्हणतात. 2015 मध्ये केंद्राची फेम योजना आली तेव्हा अशा गाड्यांनाही अनुदान मिळालं, म्हणून ती अक्षरं दिमाखात मागे आली. 1 एप्रिल 2017 पासून माइल्ड हायब्रीड त्या योजनेतून वगळल्या. अनुदान गेलं, अक्षरं राहिली, आणि आता जुन्या बाजारात त्यांचे पैसे होतात.

ओळखायची खूण सोपी आहे. मोकळ्या जागेत हळूच गाडी पुढे घ्या. इंजिन बंद असताना गाडी चालली तर ती खरी हायब्रीड. आणि ज्या हायब्रीडला क्लच आणि हाताने टाकायचे गिअर असतील ती आपल्या बाजारात तरी माइल्डच. भाच्याच्या गाडीला पाच गिअर आहेत. गाडी म्हणून चांगली आहे, डिझेलला अ‍ॅव्हरेजही उत्तम देते, ते अक्षरांमुळे नाही. त्याला एवढंच सांगितलं की विकताना तू ते चाळीस हजार मागू नकोस. तो काही बोलला नाही. मागणार.

सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या गाडीलाही हायब्रीड म्हणणारे आरटीओच्या बाहेर भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मंगळवार, 11 नोव्हेंबर

सकाळी सातला डॉक्टरांचा फोन. दिवाळीला मुलाकडे पुण्याला गेले होते, तीन आठवडे गाडी दारात उभी, आता बटण दाबलं तर नुसती टिकटिक. "बॅटरी गेली. तुम्ही तर आठ वर्षं म्हणाला होता."

मोठी बॅटरी ठणठणीत होती. उतरली होती ती बारा व्होल्टची छोटी, प्रत्येक गाडीत असते तीच. ही हायब्रीडमध्येही असते, हे शंभरातल्या नव्वद मालकांना ठाऊक नसतं. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही. इंजिन चालू करायचं काम मोठ्या मोटरचं. पण मोठी बॅटरी जोडणारे रिले, संगणक, दरवाजे, सगळ्यांना जागं करणारी वीज या छोट्या बॅटरीची. ती मेली की पाऊण युनिट पोटात असून गाडी गप्प. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावली, बटण दाबलं, 'रेडी'चा दिवा लागला. लोक इथे इंजिनाच्या आवाजाची वाट बघतात आणि पुन्हा पुन्हा बटण दाबतात. दिवा लागला म्हणजे गाडी चालू, आवाज येवो न येवो.

उलटं मात्र करू नये. हायब्रीडवरून केबल लावून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू करायला जाल तर नाजूक यंत्रणा जळू शकते, आणि तो क्लेम माझ्याच टेबलावर येईल. बाहेरगावी जाणार असाल तर आठवड्यातून एकदा कोणालातरी गाडी 'रेडी' करून अर्धा तास ठेवायला सांगा, छोटी बॅटरी मोठीवरून भरून घेते. नुसते दिवे लावून गाणी ऐकली तर भरत नाही, उतरते.

डॉक्टरांचा राग गेला. आता अ‍ॅव्हरेजबद्दलही काही म्हणाले नाहीत. शहरात तेवीस पडतंय हे ते हल्ली पेशंटना सांगतात असं कंपाउंडर म्हणाला.

रविवार, 16 नोव्हेंबर

पुराचे बहुतेक क्लेम निकाली निघाले. मेव्हण्यांचा फोन होता, कंधारात त्यांच्या ओळखीचे दोघे हायब्रीड घ्यायच्या विचारात आहेत, एका कागदावर लिहून द्या म्हणाले. लिहिलं ते असं.

नांदेड, लातूर, संभाजीनगर अशा शहरात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गर्दीत फिरणं असेल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल तर जरूर घ्या, फिटेल. महिन्यातून चारदा हायवे आणि एरवी गाडी दारात, असं असेल तर साधी पेट्रोल घ्या, सव्वादोन लाख बँकेत ठेवा. हैदराबाद-पुणे सतत असेल तर डिझेलचा हिशेब आधी मांडा. घरी चार्जिंगची सोय आणि फिरणं गावातल्या गावात असेल तर विजेच्या गाडीकडेही बघा, करात आणि टोलमध्ये सवलत तिलाच आहे. बॅटरीला घाबरू नका, जाळी साफ ठेवा. पाण्यातून घालू नका. घेण्याआधी शोरूमची गाडी हायवेला पळवून बघू नका, संध्याकाळी सहाला वजिराबादमधून चालवून बघा.